दूधकेंद्रात आधी काय स्वयंचलित करावे?

प्रश्न : आर्वी तालुक्यातील आमची शेतकरी उत्पादक कंपनी रोज सुमारे २,००० लिटर दूध गोळा करते. पाश्चरीकरणासाठी एका पुरवठादाराने ताशी २,००० लिटरचे संपूर्ण स्वयंचलित यंत्र सुचवले आहे. ते घ्यावे का?
– एक वाचक, जि. वर्धा

उत्तर : घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तासाभराच्या कामासाठी मोठा बॉयलर, मोठे शीतयंत्र आणि वाढीव वीजभार घ्यावा लागेल आणि उरलेला दिवस ही यंत्रे नुसती उभी राहतील. ताशी ५०० लिटरचे यंत्र चार तास चालवलेत, तर धुलाई धरूनही काम एका पाळीत आटोपते. मात्र तोवर दूध बल्क कूलरमध्ये, म्हणजे दूध थंड ठेवणाऱ्या टाकीत, ४ अंशांवर राहिले पाहिजे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि वीजही नेमकी तेव्हाच जाते, म्हणून आइस बँक, म्हणजे पाणी थंड करण्यासाठी बर्फ साठवणारी टाकी, अवश्य घ्या. रात्री जमवलेला बर्फ दिवसा उपयोगी पडतो आणि वीज गेल्यास जनित्रावर केवळ थंड पाण्याचा आणि दुधाचा पंप चालवावा लागतो.

इंधनाची खरी बचत प्लेटच्या उष्णता-विनिमयकात आहे. तापून परतणारे दूध येणाऱ्या थंड दुधाला आपली उष्णता देते. दूध ४ वरून ७२ अंशांवर न्यायचे म्हणजे ६८ अंशांची वाढ. उष्णतेची पुनर्प्राप्ती ९० टक्के असेल, तर त्यातील सुमारे ६१ अंश फुकट मिळतात आणि बॉयलरकडे जेमतेम ७ अंश उरतात. थंड करतानाही तेवढाच भार वाचतो. ही टक्केवारी दरपत्रकात लेखी मागा.

स्वयंचलन प्रथम तिथे हवे, जिथे माणसाची चूक थेट ग्राहकाच्या पेल्यात उतरते. दूध ७२ अंशांवर १५ सेकंद राहावे ही पाश्चरीकरणाची अट मोडताच दूध आपोआप मागे वळवणारी झडप, तापमानाची अखंड नोंद आणि प्रवाह स्थिर ठेवणारे नियंत्रण यांत तडजोड नको, कारण तापलेले दूध ज्या नळीतून जाताना ते १५ सेकंद भरतात, त्या धारणनळीची लांबी ठरावीक प्रवाहासाठीच असते. पंपाचा वेग वाढवला की ते १५ सेकंद कमी होतात. त्यानंतर कॉस्टिक सोडा आणि आम्लाने होणाऱ्या यंत्राच्या धुलाईचे तापमान आणि वेळ यंत्राकडे सोपवा. पिशव्या क्रेटमध्ये भरणे, क्रेट उचलणे ही कामे गावातील हातांकडेच राहू द्या; तिथे यंत्र बसवले, तर त्याचा बिघाड दुरुस्त करायला नागपूरहून तंत्रज्ञ येईपर्यंत दूध वाट पाहत नाही.

दरपत्रक अंतिम करण्यापूर्वी बोअरवेलच्या पाण्याची तपासणी करून घ्या. पाणी जड असल्यास बॉयलरमध्ये क्षार साचून इंधन वाढते आणि मग पाणी मृदू करणारे संयंत्र पहिल्या दिवसापासून बसवावे लागेल.