ताप उतरत नाही? डॉक्टरांना शेळीचंही सांगा

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: दीड महिन्यापूर्वी शेळी गाभडली, अडकलेली वार तुम्ही उघड्या हातांनी काढली आणि पुरली. आता तीन आठवडे झाले, संध्याकाळ झाली की ताप चढतो, रात्री अंथरूण भिजेल इतका घाम येतो, सकाळी जरा बरं वाटतं. कंबर धरली आहे. मलेरिया, टायफॉइड दोन्ही निगेटिव्ह. प्रश्न असा, की याचा शेळीशी काही संबंध असेल का?

असू शकतो. इथे बसून निदान करणार नाही, पण माझा पहिला संशय ब्रुसेलावर, म्हणजे जनावरांतून माणसाला लागणाऱ्या एका जंतूवर. डॉक्टरांना शेळीचं सांगितलंत का? तुमच्या लिहिण्यात तसं कुठे दिसलं नाही, आणि गोम तिथेच आहे.

मी गुरांचा डॉक्टर. हा ताप मी स्वतः काढलाय. नोकरीतलं तिसरं वर्ष, अडलेल्या गाईचं वासरू काढताना लांब हातमोजा कोपरापाशी फाटला. वासरू अर्धं बाहेर आलेलं, मी तसाच हात घालून काम उरकलं. अंगठ्याच्या नखाशेजारची कातडी सोललेली होती. महिन्याभराने ताप सुरू झाला. दोन डॉक्टर झाले. तिसऱ्या डॉक्टरीणबाईंनी नाडी बघता बघता विचारलं, "काम काय करता?" तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पशुवैद्य असून मला ते सुचलं नव्हतं, याची अजून लाज वाटते.

या जंतूची गंमत (गंमत म्हणायची!) अशी, की तो जनावराच्या तोंडावर दिसत नाही. 1887 साली माल्टा बेटावर डेव्हिड ब्रूसने तापाने मेलेल्या सैनिकांच्या प्लीहेतून तो शोधून काढला, पण येतो कुठून हे कळायला 1905 उजाडलं. थेमिस्टोक्लिस झामित यांना तो धडधाकट दिसणाऱ्या शेळ्यांत सापडला. पुढच्याच वर्षी सैनिकांचं शेळीचं कच्चं दूध बंद केलं आणि तिथला ताप झपाट्याने ओसरला.

आता तुमचं. डॉक्टरांना सरळ सांगा: शेळी गाभडली होती, वार मी हाताने काढली, ब्रुसेलाची रक्ततपासणी करायची का? रक्ताचं कल्चर (रक्तातला जंतू वाढवून बघण्याची तपासणी) पाठवणार असतील तर प्रयोगशाळेलाही संशय कळवायला सांगा. एक तर हा जंतू सावकाश वाढतो, आणि दुसरं म्हणजे उघड्यावर हाताळला तर श्वासावाटे तिथल्याच माणसांना लागतो. निदान झालंच तर सहसा दोन अँटिबायोटिक्स, किमान सहा आठवडे. दहाव्या दिवशी ताप जातो आणि माणूस गोळ्या सोडतो, तिथेच फसतो. हा जंतू आपल्याच पेशींच्या आत दडून बसतो, अर्धवट औषधाने पुन्हा उलटतो. पाठदुखी वाढली किंवा वृषण सुजलं तर वाट बघत बसू नका.

तुमच्या प्रश्नावर एकांनी घरातल्या मांजरावर खापर फोडलंय. मांजराच्या ओरखड्यातून बार्टोनेला हा जंतू येतो खरा, पण त्यात बहुधा काखेत किंवा मानेत गाठ येते. मांजर चावून पाश्चुरेला हा जंतू आत गेला तर एका दिवसात हात लालभडक होऊन ठणकतो. तुमचं चित्र वेगळं आहे. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) उंदराच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून येतो, तो अचानक गाठतो आणि पोटऱ्या मोडून काढतो. मांजरापेक्षा मला क्यू फीवर जास्त खटकतो. त्याचा कॉक्सिएला हा जंतू शेळीच्या वारेतच प्रचंड असतो, वार वाळली की धुळीबरोबर उडतो. पुढे हृदयाच्या झडपेवरही बसू शकतो, म्हणून डॉक्टरांकडे त्याचंही नाव काढा.

घरात गरोदर बाई असेल तर तिला गोठ्यापासून लांब ठेवा. दूध उकळूनच प्या. कच्च्या दुधाचं ताजं चीज तर नकोच. वार जिथे पुरलीत तिथे कुत्र्यांनी उकरलं नाही ना, बघून या. आणि बाकीच्या शेळ्यांचं रक्त तपासून घेईपर्यंत ती शेळी विकू नका. रिपोर्ट आला की इथे लिहा; शेळ्यांचं पुढे काय करायचं ते तेव्हा बोलू.