'चाळणी', 'जाळी' आणि डोळ्यातल्या पाण्याची वाट

फोंड्याच्या एका शिक्षिकेने विचारले आहे: गावातल्या नेत्रतपासणी शिबिरासाठी त्या मराठी पत्रक तपासत होत्या. त्यात 'नेत्रजलाचे निर्गमन डोळ्याच्या कोपऱ्यातील चाळणीतून होते. ही चाळणी तुंबल्यास काचबिंदू होतो' असे वाक्य होते. 'ट्रॅबेक्युलर मेशवर्क'साठी, म्हणजे डोळ्यातला द्रव ज्या ऊतीतून बाहेर पडतो तिच्यासाठी, 'चाळणी' योग्य की 'जाळी', आणि 'निर्गमना'ऐवजी कानाला कमी टोचणारा शब्द आहे का, असे त्यांचे दोन प्रश्न आहेत.

थोडक्यात सांगायचे तर चाळणी नको. जाळी चालेल, पण वाटेच्या निम्म्याच भागापुरती. निर्गमनाऐवजी मात्र एकच शब्द शोधू नये, कारण या वाटेवर पाणी चार निरनिराळ्या गोष्टी करते आणि चारही गोष्टींना मराठीत स्वतंत्र क्रियापद आहे.

त्याआधी वाक्यातले आणखी दोन शब्द पाहणे भाग आहे. 'नेत्रजल' म्हणजे आपल्या कवितेत अश्रू, आणि 'डोळ्याचा कोपरा' म्हणजे सामान्य वाचकाला नाकालगतचा कोपरा. अश्रूंचा निचरा खरोखरच त्या कोपऱ्यातल्या बारीक छिद्रांमधून नाकात होतो. म्हणजे पत्रकातले वाक्य अर्धे तरी बिनचूक आहे, पण ते अश्रुमार्गाचे वर्णन करते. काचबिंदूशी संबंध असलेले पाणी डोळ्याच्या आत, पारपटल (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) आणि भिंग यांच्या दरम्यान असते. त्याला 'नेत्रद्रव' म्हणावे. ते बाहेर पडते ती जागा पारपटल आणि बुबुळ एकमेकांना मिळतात तिथल्या खाचेत, बुबुळाच्या कडेने गोल फिरलेली आहे. तिला 'कोपरा' न म्हणता 'कोन' म्हणावे. 'खुल्या कोनाचा काचबिंदू' हा प्रयोग रूढ झालेलाच आहे.

आता चाळणी. पीठ चाळताना कोंडा वर राहतो आणि पीठ खाली पडते. काहीतरी अडवून ठेवणे हेच चाळणीचे काम. नेत्रद्रवात मुळात चाळण्यासारखे फारसे काही नसते. तो मिनिटाला दोन-तीन मायक्रोलिटर इतकाच तयार होतो, बुबुळापुढच्या कप्प्यात अडीचशे मायक्रोलिटरच्या आसपास मावतो, आणि सुमारे शंभर मिनिटांत तो सगळा बदलला जातो. वाटेतल्या ऊतीचे काम त्याला गाळण्याचे नसून बेताने रोखण्याचे आहे, कारण त्या रोधातूनच डोळ्याचा दाब (पाऱ्याच्या साधारण १० ते २१ मिलिमीटर) टिकतो आणि डोळा आपला गोल आकार राखतो. दुसरी अडचण अशी की तुंबलेली चाळणी धुता येते, आणि मग रुग्ण 'आतून धुऊन द्या' म्हणतो. नेहमीच्या खुल्या कोनाच्या काचबिंदूत तिथे कचरा अडकलेला नसतो. पेशी कमी होतात, त्यांच्यामधला पदार्थ साचतो आणि ऊती ताठर होतात. (बुबुळातून सुटलेले रंगकण तिथे जाऊन बसतात तो प्रकार वेगळा आहे; त्याच्यापुरते 'तुंबणे' क्षम्य मानता येईल.)

जाळीबाबत मूळ शब्दच मदतीला येतो. लॅटिनमध्ये 'ट्रॅबेक्युला' म्हणजे लहानशी तुळई. सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्या थरात दोऱ्यांसारखे धागे एकमेकांवरून गेलेले दिसतात आणि त्यांच्यामधली भोके २५ ते ७५ मायक्रॉनची असतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. दुसऱ्या थरात दोऱ्या संपून भोके पडलेल्या पापुद्र्यांची चळत लागते, आणि भोके ५ ते ५० मायक्रॉनपर्यंत लहान होतात. इथवर 'जाळी' शोभते. तिसरा थर मात्र जेमतेम २ ते २० मायक्रॉन जाडीचा असून त्यात सरळ आरपार भोके नाहीत. गिलगिलीत पदार्थात विखुरलेल्या पेशी, एवढेच त्याचे रूप. सर्वाधिक रोध होतो तो इथे आणि याला चिकटलेल्या पुढच्या भिंतीत. त्याला 'नलिकेलगतचा थर' असे सरळ म्हणावे. अवघ्या ऊतीला जाळी म्हणत राहिलो तर जिथे खरे काम चालते तोच भाग नावातून निसटतो.

ती पुढची भिंत श्लेमच्या नलिकेची. बर्लिनमधील शरीररचनाशास्त्रज्ञ फ्रीडरिश श्लेम यांनी १८३० मध्ये तिचे वर्णन केले. पारपटलाच्या कडेने फिरणारी ही नलिका सुमारे ३६ मिलिमीटर लांबीची आहे. तिला 'श्लेमचा कालवा' म्हणण्याची सूचना मी ऐकली आहे. अर्थाने ती वाईट नाही, पण 'कालवा' आणि 'कालव' या दोन्हींचे अनेकवचन 'कालवे' होते, आणि गोव्यात कालवे म्हटल्यावर तिळारी धरणाच्या कालव्यांआधी शिंपल्यातली कालवे आठवणारे वाचक पुष्कळ आहेत. 'नलिका' बरी.

या नलिकेच्या आतल्या भिंतीतील पेशी हे या वाटेवरचे सर्वांत नवलाचे ठिकाण. डोळ्याच्या बाजूने दाब आला की पेशीच्या पोटात द्रवाचा फुगा तयार होतो, आणि काही फुग्यांना नलिकेच्या बाजूने मायक्रॉनभर किंवा त्याहून लहान छिद्र पडते; द्रव त्यातून, तसाच शेजारी पेशींच्या सांध्यांतील छिद्रांतून नलिकेत उतरतो. दाब उलटा झाला, म्हणजे बाहेरच्या शिरांतला दाब वाढला, तर नलिकेत रक्त भरलेले दिसू शकते. पण फुगे मिटतात आणि रक्त डोळ्याच्या कप्प्यात येत नाही. खाजनाच्या (खाडीकाठच्या खारजमिनीच्या) बांधावरची मानस, म्हणजे पाण्याचे झडपेसारखे दार, ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वेगळे समजावण्याची गरज नाही: ओहोटीला आतले पाणी दार ढकलून बाहेर जाते आणि भरतीचे पाणी तेच दार दाबून बसवते. आपल्या भागातील पत्रकात चाळणीच्या जागी मानस घातली तर माझी हरकत नसेल. एवढेच ध्यानात ठेवावे की मानशीचे दार कायम जागेवर असते, पेशीतला फुगा मात्र दाबानुसार होतो आणि विरतो.

नलिकेतून पंचवीस-तीस बारीक वाहिन्या निघून शिरांना मिळतात. त्यांतल्या काही डोळ्याच्या पांढऱ्या भागावर बाहेरूनही दिसतात. १९४२ मध्ये नेत्रतज्ज्ञ आशर यांनी त्यांना 'जलशिरा' या अर्थाचे नाव दिले. एकाच शिरेत स्वच्छ पाण्याचा पट्टा आणि रक्ताचा पट्टा काही अंतर शेजारी शेजारी, न मिसळता जाताना दिसतात.

आता ती चार क्रियापदे. नेत्रद्रव बुबुळामागच्या सिलिअरी प्रवर्धांतून (बारीक उंचवट्यांतून) 'स्रवतो', जाळीतून आणि तिच्यापुढच्या थरातून 'झिरपतो', शिरेत जाऊन रक्तात 'मिसळतो'. चौथे क्रियापद दुसऱ्या वाटेचे. थोडा द्रव जाळीकडे न वळता बुबुळामागच्याच सिलिअरी स्नायूच्या तंतूंमधून श्वेतपटलाकडे, म्हणजे डोळ्याच्या पांढऱ्या कवचाकडे जातो. तिथे ना नळी आहे ना ठरलेले पात्र, म्हणून 'वाहतो' म्हणता येत नाही. तो 'मुरतो'. स्वीडनचे अँडर्स बिल यांनी १९६५ मध्ये माकडांच्या डोळ्यांवरील प्रयोगांतून ही वाट पुढे आणली. तोवर ती जवळजवळ हिशेबाबाहेरच होती. 'कुठेतरी पाणी मुरते आहे' ही आपली म्हणण्याची रीत इथे शब्दशः खरी ठरते. रात्री एकदा घालायचे प्रोस्टाग्लँडिन जातीचे थेंब प्रामुख्याने हेच मुरणे वाढवून दाब उतरवतात.

सगळ्या वाटेला मिळून एक नाव हवेच असेल तर 'निचरा' आहे. शेतकऱ्यालाही कळतो आणि डॉक्टरलाही खटकत नाही. पत्रकातले वाक्य मी असे लिहीन: 'डोळ्याच्या आत सतत स्रवणारा द्रव पारपटल आणि बुबुळ यांच्यामधल्या कोनातील जाळीतून झिरपून रक्तात मिसळतो, आणि थोडा आतल्या स्नायूतून मुरतो. हा निचरा मंदावला की डोळ्यातला दाब वाढतो आणि काचबिंदू होण्याची शक्यता वाढते.' शेवटी 'होतो' न लिहिता 'शक्यता वाढते' लिहिले आहे, कारण दाब नेहमीच्या मर्यादेत असूनही काचबिंदू झालेले रुग्ण असतात.