सातव्या पिढीचा थिंकपॅड क्यूब्ससाठी घेऊ का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोलापुरात वकिली करता, अनोळखी मेलमधल्या पीडीएफ उघडाव्या लागतात, त्याच मशीनवर पक्षकारांची कागदपत्रं असतात, म्हणून क्यूब्स ही सुरक्षेवर भर देणारी ऑपरेटिंग सिस्टीम टाकायचीय. नवी पेठेतल्या दुकानदारानं सातव्या पिढीचा आय-५, ८ जीबी रॅमचा जुना थिंकपॅड लॅपटॉप दाखवलाय.

तो घेऊ नका. क्यूब्स प्रत्येक काम झेन हायपरव्हायजरवर (आभासी मशीनं चालवणारं सॉफ्टवेअर) वेगळ्या आभासी मशीनमध्ये चालवतं. अशा मशीनलाच 'क्यूब' म्हणतात. नेटवर्क, फायरवॉल आणि यूएसबीची तीन मशीनं तुम्ही काही उघडण्याआधीच सुरू असतात आणि प्रत्येकाला स्वतःची रॅम लागते. ८ जीबीत ब्राउझर उघडून दुसरी फाईल उघडायला गेलात की अडकाल. १६ जीबी हवीच, ३२ असली तर उत्तम.

दुसरं कारण दुकानदार सांगणार नाही. सुरक्षेसाठी क्यूब्स हायपरथ्रेडिंग, म्हणजे एका कोअरवर दोन थ्रेड चालवणं, बंद ठेवतं. सातव्या पिढीच्या यू मालिकेतल्या आय-५ ला दोनच कोअर, म्हणजे हाती दोनच थ्रेड उरतात. आठव्या पिढीच्या ८२५०यू किंवा ८३५०यू ला चार खरे कोअर आहेत. म्हणून थिंकपॅड टी४८० मागा: रॅमचे दोन्ही स्लॉट उघडे, वायफाय सहसा इंटेलचं. एनव्हिडियाचं वेगळं ग्राफिक कार्ड असलेला मात्र टाळा, त्याच्या ड्रायव्हरची कटकट संपत नाही.

पैसे देण्याआधी दुकानातच मशीन सुरू होताना एफ१ दाबून बायोस (मशीनच्या मूळ सेटिंग्ज) उघडा. सुपरवायजर पासवर्ड मागितला तर मशीन परत द्या. तो साध्या रिसेटनं निघत नाही. मग सिक्युरिटीखालच्या व्हर्च्युअलायझेशनमध्ये व्हीटी-एक्स (आभासी मशीनं चालवण्याची सोय) आणि व्हीटी-डी (कार्डांना मेमरीपासून अडवण्याची सोय) दोन्ही चालू होतात का बघा. व्हीटी-डी नसेल तर नेटवर्क कार्डाला मेमरीपासून अडवता येत नाही आणि वेगळ्या मशीनचा निम्मा अर्थच जातो. कॉम्प्युट्रेस (चोरीला गेलेलं मशीन दुरून शोधण्याची सोय) कायमचं चालू दिसलं तरीही नको म्हणा.

विंडोज पुसण्याआधी बायोस आणि थंडरबोल्टचं (टाईप-सी पोर्ट सांभाळणारी चिप) फर्मवेअर अद्ययावत करून घ्या. टी४८० च्या जुन्या थंडरबोल्ट फर्मवेअरमुळे टाईप-सी पोर्ट निकामी होऊ शकतं, आणि चार्जिंग त्यातूनच होतं.

आयएसओची, म्हणजे क्यूब्सच्या डाउनलोड केलेल्या इन्स्टॉलर फाईलची, डिजिटल सही तपासल्याशिवाय काही टाकू नका. क्यूब्सच्या मास्टर की चा (सही खरी आहे हे ठरवणारी मुख्य किल्ली) फिंगरप्रिंट दोन-तीन वेगळ्या ठिकाणांहून जुळवा, निदान एकदा दुसऱ्याच्या मोबाईलवरून. रूफस या प्रोग्रॅमनं इन्स्टॉलरचा पेनड्राइव्ह करताना डीडी पद्धत निवडा, सिक्युअर बूट बंद करा आणि एफ१२ नं बूट करा. डिस्कचा सांकेतिक शब्द इंग्रजी कीबोर्डवरच टाईप होईल असा ठेवा. तो विसरलात तर डेटा गेला. सुरू झाल्यावर डोम-झिरोमध्ये (क्यूब्सचं मुख्य नियंत्रण मशीन) क्यूब्स-एचसीएल-रिपोर्ट ही आज्ञा चालवा. आयओएमएमयूपुढे (व्हीटी-डीचंच सर्वसाधारण नाव) 'अ‍ॅक्टिव्ह' आलं पाहिजे.

खटल्यांच्या फाईली नेटवर्क नसलेल्या क्यूबमध्ये ठेवा. आलेली पीडीएफ डिस्पोजेबलमध्ये (बंद करताच पुसलं जाणारं क्यूब) उघडा, ठेवायची असेल तर 'कन्व्हर्ट टू ट्रस्टेड पीडीएफ' करा. त्यात प्रत्येक पान चित्र होतं, त्यामुळे मजकूर शोधता येत नाही. मूळ फाईल पुरावा म्हणून लागणार असेल तर तीही न उघडता वेगळ्या क्यूबमध्ये राहू द्या.

मराठी टायपिंगचं आयबस-एम१७एन पॅकेज टेम्पलेटमध्येच (ज्या साच्यावरून क्यूब बनतात तो) टाका आणि टेम्पलेट बंद करून क्यूब पुन्हा सुरू करा. नुसत्या क्यूबमध्ये टाकलं तर रीस्टार्टनंतर गायब होतं. इथे बरेच जण फसतात.

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि चारही कोअर कामाला लागले की मशीन तापून मंद होतं. त्याआधी पंख्यातली धूळ काढून थर्मल पेस्ट बदलून घ्या. वीज जाते म्हणून टी४८० च्या आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही बॅटऱ्यांची क्षमताही दुकानातच बघा, कारण क्यूब्समध्ये हायबरनेट नाही. आणि कोर्टात नेताना झाकण लावून नेऊ नका, पूर्ण बंद करा: झोपलेल्या मशीनच्या रॅममध्ये डिस्कची किल्ली तशीच असते.