वाचकांचे प्रश्न : गुणांच्या रकान्याआधी काय वाचावे?

प्रश्न : एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या, सामन्यानंतर प्रसिद्ध होणारा आकडेतक्ता मी आवर्जून वाचतो. मात्र कित्येकदा हरलेल्या संघाची फील्ड गोलची (खेळ चालू असताना मारलेल्या फेकींपैकी साधलेल्यांची) टक्केवारी जिंकलेल्या संघाहून जास्त दिसते. असे कसे होते?

उत्तर : टक्केवारीचा रकाना दोन गोष्टी झाकून ठेवतो. पहिली म्हणजे त्यात दोन गुणांची बास्केट आणि तीन गुणांची बास्केट एकाच मापाने मोजली जाते. दहापैकी पाच साध्या फेकी साधल्या तर ५० टक्के आणि १० गुण; दहापैकी चार थ्री पॉइंटर (ठरावीक रेषेपलीकडून मारलेल्या तीन गुणांच्या फेकी) साधले तर ४० टक्केच, पण गुण १२. म्हणूनच जाणकार थ्री पॉइंटरला दीडपट वजन देऊन टक्केवारी नव्याने काढतात. २८ मे २०१८ रोजी वेस्टर्न कॉन्फरन्सच्या (लीगच्या पश्चिम गटाच्या) अंतिम फेरीतील सातव्या सामन्यात ह्यूस्टन रॉकेट्सने ४४पैकी केवळ ७ थ्री पॉइंटर साधले, त्यातही लागोपाठ २७ हुकले. गोल्डन स्टेट वॉरियर्सने ३९पैकी १६ साधले. वॉरियर्स १०१-९२ असे जिंकले. आता हिशेब करून पाहा : थ्री पॉइंटरमधून वॉरियर्सना ४८ गुण मिळाले आणि रॉकेट्सना २१, म्हणजे फरक २७ गुणांचा, पण सामना गेला तो अवघ्या ९ गुणांनी. याचा अर्थ दोन गुणांच्या फेकी आणि फ्री थ्रो (फाउलमुळे मिळणारी एका गुणाची मोकळी फेक) यांत रॉकेट्स १८ गुणांनी पुढेच होते.

दुसरी झाकलेली गोष्ट म्हणजे प्रयत्नांची संख्या, आणि माझ्या मते तीच अधिक महत्त्वाची आहे. एका संघाचा ताबा संपला की चेंडू दुसऱ्याकडे जातो, त्यामुळे सामनाभरात दोन्ही संघांच्या वाट्याला येणारे ताबे जवळजवळ सारखेच असतात. फरक पडतो तो त्या ताब्याचे पुढे काय होते यात. टर्नओव्हर झाला, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे गमावला, की फेक न मारताच ताबा वाया जातो. उलट स्वतःच्या हुकलेल्या फेकीचा रिबाउंड (उसळून आलेला चेंडू) मिळाला, तर त्याच ताब्यात आणखी एक फेक मिळते. समजा दोन्ही संघांना १०० ताबे मिळाले आणि फ्री थ्रो तूर्त बाजूला ठेवले. पहिल्या संघाचे टर्नओव्हर १८ आणि आक्रमणातले रिबाउंड ६, तर त्याच्या फेकी ८८ होतील. दुसऱ्याचे टर्नओव्हर १० आणि रिबाउंड १२, तर फेकी १०२. पहिल्याने ४४ साधल्या, म्हणजे ५० टक्के; दुसऱ्याने ४६ साधल्या, म्हणजे जेमतेम ४५ टक्के, आणि तरीही बास्केट दुसऱ्याच्याच जास्त. तेव्हा तक्ता हाती आला की टर्नओव्हर आणि आक्रमणातले रिबाउंड हे दोन रकाने आधी वाचावेत, टक्केवारीकडे मग वळावे.

प्रश्न : एकाच सामन्यातले विल्ट चेंबरलेनचे १०० गुण मोठे की कोबी ब्रायंटचे ८१?

उत्तर : २ मार्च १९६२ रोजी हर्शी येथे चेंबरलेनने न्यूयॉर्क निक्सविरुद्ध पूर्ण ४८ मिनिटे खेळून ६३पैकी ३६ फेकी आणि ३२पैकी २८ फ्री थ्रो साधले. कारकिर्दीत जेमतेम निम्मे फ्री थ्रो साधणाऱ्या या खेळाडूने त्या रात्री तिथेच कमाल केली, हे मला शंभरच्या आकड्याहून नवलाचे वाटते. ब्रायंटने २२ जानेवारी २००६ रोजी टोरोंटो रॅप्टर्सविरुद्ध ४६पैकी २८ फेकी साधल्या, त्यांतल्या ७ थ्री पॉइंटर होत्या, आणि २०पैकी १८ फ्री थ्रो.

दोघांची तुलना करायची तर फेकी आणि फ्री थ्रो मिळून प्रत्येकाने किती संधी वापरल्या, ते पाहावे लागते. दोन फ्री थ्रोंनी एक संधी संपते; पण बास्केट झाल्यावर मिळणारा जादा फ्री थ्रो किंवा टेक्निकल फाउलचा (गैरवर्तनासारख्या चुकीबद्दलचा) फ्री थ्रो नवी संधी खर्च करत नाही, म्हणून एका फ्री थ्रोचे वजन अर्ध्याहून थोडे कमी, ०.४४ धरतात. या हिशेबाने चेंबरलेनने सुमारे ७७ संधी वापरून दर संधीमागे १.३० गुण मिळवले, तर ब्रायंटने सुमारे ५५ संधींत १.४८. संघाच्या गुणांतला वाटाही बोलका आहे : चेंबरलेनचे १६९पैकी १००, ब्रायंटचे १२२पैकी ८१, म्हणजे जवळजवळ दोन तृतीयांश. शिवाय मध्यंतराला ब्रायंटचा संघ लेकर्स १४ गुणांनी मागे होते आणि ब्रायंटचे ५५ गुण उत्तरार्धात आले. उलट हर्शीच्या सामन्यात अखेरीस सहकारी जाणूनबुजून फाउल करून चेंडू परत मिळवत होते आणि तो चेंबरलेनकडेच देत होते. माझे मत ब्रायंटच्या बाजूने पडते. मात्र १९६२ मध्ये थ्री पॉइंटरची रेषा नव्हती (ती १९७९-८० च्या हंगामात आली), फाउलचे नियम वेगळे होते, आणि स्टील (हिसकावलेले चेंडू) व ब्लॉक (अडवलेल्या फेकी) यांची अधिकृत नोंद तर १९७३-७४ पासूनची; त्यामुळे चेंबरलेनने बचावात काय केले हे तक्ता सांगूच शकत नाही.

प्रश्न : एखाद्या खेळाडूने ३० गुण केले आणि तरी त्याच्या प्लस-मायनसच्या रकान्यात उणे १२ दिसले, तर तो वाईट खेळला असे समजावे काय?

उत्तर : नाही. तो मैदानावर असताना त्याच्या संघाने प्रतिस्पर्ध्याहून १२ गुण कमी केले, एवढेच त्यातून कळते. सोबतचे चौघे कोण होते आणि समोर कोण होते, हे त्यात येत नाही. एका सामन्यापुरता तो आकडा फार मनावर घेऊ नये. संघातील सर्वांचे प्लस-मायनस मिळवले की विजयाच्या फरकाच्या पाचपट येते, कारण दर क्षणी पाच जण मैदानावर असतात; तक्ता बरोबर आहे का, हे तपासायला ही युक्ती चांगली आहे.

प्रश्न : ट्रिपल-डबलसाठी (एकाच सामन्यात तीन रकान्यांत दोन अंकी आकडे) गुण दोन अंकी असलेच पाहिजेत का?

उत्तर : तशी अट नाही. १० फेब्रुवारी २०१७ रोजी गोल्डन स्टेटच्या ड्रेमंड ग्रीनने मेम्फिसविरुद्ध केवळ ४ गुण केले, पण १२ रिबाउंड, १० असिस्ट (सहकाऱ्याच्या बास्केटला कारण ठरलेले पास) आणि १० स्टील नोंदवले. याउलट आकड्याच्या हव्यासाचे उदाहरण म्हणजे मार्च २००३ मधला क्लीव्हलँडचा रिकी डेव्हिस. सामना खिशात होता आणि ट्रिपल-डबलला एक रिबाउंड कमी पडत होता, म्हणून त्याने चेंडू स्वतःच्याच, म्हणजे आपला संघ राखत असलेल्या, बास्केटवर मारून झेलला. प्रतिस्पर्धी खेळाडूने संतापून त्याला फाउल केला, आणि स्वतःच्या बास्केटवर मारलेली फेक प्रयत्न म्हणून धरलीच जात नसल्यामुळे तक्त्यात त्याच्या नावापुढे ९ रिबाउंडच राहिले.