टप्पे पाठ आहेत, आता मूल बघा

नव्याने शिकवायला लागला आहात, म्हणून मुद्दाम सांगते. मुलांची विचारशक्ती कशी वाढते याचे, मानसशास्त्रज्ञ पियाजेने सांगितलेले चार टप्पे तुम्हाला पाठ असतीलच, वर्षांत: जन्म ते २, २ ते ७, ७ ते ११ आणि त्यापुढचा. ही वयं ढोबळ आहेत. त्यावरून कुठल्याही मुलावर 'मागे पडलंय' असा शिक्का मारू नका.

त्यापेक्षा एक प्रयोग स्वतः करा. दोन सारख्या पेल्यांत सारखंच पाणी घ्या. ५ वर्षांच्या मुलाला ते सारखं वाटतंय ना, हे आधी विचारा. मग त्याच्यादेखत एका पेल्यातलं पाणी उंच, अरुंद पेल्यात ओता आणि तेच पुन्हा विचारा. या वयाची बहुतेक मुलं उंच पेल्याकडे बोट दाखवतात, "यात जास्त!" लगेच दुरुस्त करायला जाऊ नका. "तुला असं का वाटलं?" एवढंच विचारा आणि थांबा. "हे वरपर्यंत आलंय ना!" रुंदी अजून त्याच्या हिशेबातच नाही, हे तिथे कळतं. मी सुरुवातीला समजावत बसायचे. मूल मान डोलवायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच उत्तर.

आणि हो, तोच प्रश्न पुन्हा विचारला की काही मुलं आपलं चुकलं समजून उत्तर बदलतात, तेव्हा शब्द जपून वापरा. पेले त्याच्याच हातात द्या. ओतू दे, सांडू दे, परत ओतू दे.