तीन वर्षं जुन्या लॅपटॉपला लिक्विड मेटल: सहा वर्षांचा हिशेब कुठे चुकतो

प्रश्न: मी घरून व्हिडिओ एडिटिंग करते. लॅपटॉप तीन वर्षांचा आहे, वाढीव वॉरंटीचं एक वर्ष बाकी आहे. रेंडर (एडिट केलेल्या व्हिडिओची अंतिम फाइल बनवणं) लावला की पंखे किंचाळतात आणि वेग पडतो. दुरुस्ती करणारे म्हणतात, प्रोसेसर आणि त्याला गार ठेवणारा हीटसिंक यांच्यामधल्या पेस्टऐवजी लिक्विड मेटल (पातळ धातू) लावू, सहा वर्षं बघायला नको. नव्या लॅपटॉपची किंमत १०० धरली तर या कामाचे ते ४ सांगतात, पेस्टचा १. पेस्ट दरवर्षी बदलली तर सहा वर्षांत ६ जातील, म्हणजे लिक्विड मेटलच स्वस्त ना? मदरबोर्ड गेला तर ३५ लागतील. हा लॅपटॉप अजून तीन वर्षं वापरायचा आहे. रेंडर बहुतेक रात्रीच चालतात. बाजूला काढलेले पैसे काहीच नाहीत.

उत्तर: आत्ता लावू नका. कारणं सांगतो, कारण तुमचा हिशेब वरवर चोख दिसतो.

लॅपटॉप तीन वर्षं वापरणार आणि खर्च मात्र सहा वर्षांवर वाटताय. भाड्याचं घर तीन वर्षांत सोडायचं असेल तर रंगकामाचा खर्च सहा वर्षांवर कोणी वाटत नाही. तेव्हा ४ ला भागायचं ते तीननेच. दुसरीकडे, पेस्ट दरवर्षी बदलायची हे तुम्ही गृहीत धरलंय. चांगली, जरा घट्ट पेस्ट लॅपटॉपवर साधारण दोनेक वर्षं काढते. ती तारीख बघून नाही, तापमान चढायला लागलं की बदलायची. म्हणजे तीन वर्षांत एकदा, फार तर दोनदा. तुमच्या ६ चे झाले २. स्वस्ताईचा मुद्दा इथेच निकालात निघाला.

आता ‘सहा वर्षं बघायला नको’ याबद्दल. यात तथ्य अजिबात नाही असं नाही. लिक्विड मेटल म्हणजे गॅलियम, इंडियम आणि कथील यांचा मिश्रधातू. नुसतं गॅलियम सुमारे ३० अंशांना वितळतं, बाकीचे दोन मिसळले की ते नेहमीच्या तापमानालाही पातळ राहतं. पेस्टमध्ये असतं तसं तेल त्यात नसतं, त्यामुळे पेस्टसारखं ते वाळत नाही. तंत्रज्ञ बहुधा एवढंच बघून बोलतायत. पण त्याचं आयुष्य ते कशाला टेकलंय यावर ठरतं. हीटसिंकचं, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या भागाचं, बूड उघड्या तांब्याचं असेल तर गॅलियम हळूहळू तांब्यात शिरतं आणि त्याच्याशी संयुग बनवतं. मागे उरतो इंडियम आणि कथिलाचा करडा, कडक थर. पातळपणा गेला की फटी राहतात आणि तापमान पुन्हा चढतं. माझ्या घरच्या डेस्कटॉपवर मी हौसेने हे लावलं होतं. दीड वर्षाने उघडलं तर तांब्यावर राखाडी डाग आणि मधे कोरडी खपली. घासून पुन्हा लावलं, मग बरं चाललं. तांब्याने एकदा पोटभर घेतलं की दुसरा थर जास्त टिकतो, हे खरं आहे. पण मग त्या ४ मध्ये दुसरा थर धरलाय का? बुडावर निकेलचा मुलामा असेल तर हे शोषण खूपच मंदावतं. आणि ॲल्युमिनियम असेल तर विषयच संपला: गॅलियम त्याच्या कणांमधल्या सीमांमध्ये घुसतं आणि धातू ठिसूळ होऊन जातो. म्हणून ‘किती वर्षं टिकेल’ याआधी ‘बूड कशाचं आहे’ हे विचारायचं. तुमच्या पत्रात ते नाही, आणि बहुतेक त्यांनीही अजून उघडून पाहिलेलं नाही.

मला मात्र त्याहून जास्त काळजी ३५ ची वाटते. पेस्ट बाहेर सांडली तर पुसता येते, आणि बहुतेक पेस्टमधून वीज जात नाही. लिक्विड मेटलमधून जाते. प्रोसेसरच्या डायभोवती (मधल्या उघड्या चिपभोवती) बारीकसारीक घटक असतात, त्यांच्यावर एक थेंब गेला की शॉर्ट. लॅपटॉप पिशवीत उभा राहतो, आदळतो, आडवातिडवा होतो. हे नीट करता येतंच, नाही असं नाही. सोनीने २०२० मध्ये प्लेस्टेशन ५ काढला तेव्हा कारखान्यातूनच लिक्विड मेटल घातलं, पण ते गळू नये म्हणून भोवती बंदिस्त कडं केलं आणि त्या तयारीला दोन वर्षांहून जास्त घेतली. असूसच्या काही गेमिंग लॅपटॉपमध्येही ते कारखान्यातूनच येतं. (तुमच्यात आधीपासून असेल तर घाबरून काढायला जाऊ नका.) दुकानातल्या टेबलावर अर्ध्या तासात होणारं काम वेगळं.

समजा शंभरातल्या पाच लॅपटॉपांचा बोर्ड असा गेला. म्हणजे ३५ च्या पाच टक्के, पावणेदोन. तुमच्या कामाची खरी किंमत ४ नाही, पावणेसहा. पण ही सरासरी शंभर लॅपटॉप असणाऱ्याच्या कामाची. तुमच्याकडे एकच आहे आणि पोट त्याच्यावर आहे. तुमचा गेला तर ३५ पूर्ण जातील, वर बंद पडलेल्या दिवसांची कमाई वेगळी. आणि ते आणायचे कुठून, तर कर्जातून, कारण बाजूला काही नाही.

त्यात वॉरंटी. लिक्विड मेटलचे डाग लपत नाहीत, प्रोसेसरवरची छापील अक्षरंही कधीकधी त्याने पुसली जातात. उरलेल्या वर्षात दुसरंच काही बिघडलं तरी दावा अडू शकतो. ‘सहा वर्षं बघायला नको’ ही हमी नेमकी कसली, तेही विचारा: फुकट परत लावून देणार, की बोर्ड गेला तर भरून देणार? पहिलं असेल तर ती तुमच्या ३५ ची हमी नाही.

एवढा धोका पत्करून मिळणार काय? चांगल्या पेस्टपेक्षा काही अंश कमी. प्रोसेसर शंभराच्या आसपास पोहोचून स्वतःहून वेग कमी करत असेल, तर त्या काही अंशांनी रेंडर थोडा लवकर संपेल. पण तुमचे रेंडर रात्री चालतात. पहाटे चारला संपला काय आणि पावणेचारला काय, झोपेत वाचलेल्या मिनिटांचं बिल लावता येत नाही. दिवसभर गिऱ्हाईक शेजारी बसवून काम करत असतात, तर मी हा परिच्छेद वेगळा लिहिला असता.

तेव्हा आधी वॉरंटीतूनच तक्रार नोंदवा. तीन वर्षांत पंख्यात आणि जाळीत धूळ किती बसते हे उघडल्यावर कळतं, आणि पुष्कळदा रोग तिथेच असतो. त्याआधी एकच ठरावीक रेंडर लावून तापमान आणि वेळ लिहून ठेवा, साफसफाईनंतर पुन्हा. तेवढ्याने भागलं नाही तर वॉरंटीवाल्यांकडूनच पेस्ट बदलून घ्या. वॉरंटीबाहेर खर्च करायची वेळ आलीच, तर फेज चेंज पॅडबद्दल (पेस्टऐवजी लावायचा पातळ पत्रा) विचारा, हनीवेलचं पीटीएम ७९५० वगैरे. ते ४५ अंशांच्या आसपास मऊ होऊन नीट पसरतं, पेस्टसारखं सहजी बाहेर ढकललं जात नाही, आणि त्यातून वीज जात नाही. त्याचे मी २ धरतो. लिक्विड मेटलच्या जवळपास जातं, आणि बोर्ड पणाला लागत नाही.

मग खरं काम. तीन वर्षांनी जुना विकून १० सुटले असं धरलं तर नव्यासाठी ९० जमवायचे, म्हणजे महिन्याला अडीच. वेगळ्या खात्यात, पहिल्या तारखेला. चौदा महिन्यांत तिथे ३५ होतील आणि वॉरंटीही संपलेली असेल. त्यानंतर लिक्विड मेटलची हौस असेल तर माझी हरकत नाही, फक्त तेव्हा ४ वाटायला बावीसच महिने उरलेले असतील. बूड निकेलचं आहे का ते उघडून दाखवायला सांगा, डायभोवतीचे घटक कशाने झाकणार ते विचारा, आणि दुसरा थर त्याच पैशात आहे असं बिलावर लिहून घ्या.