दरवेळी मीच का नमायचं?

प्रश्न: भांडण झालं की सॉरी नेहमी मीच म्हणते. प्रेमात अहंकार सोडावा म्हणतात, मग स्वाभिमान पण सोडू का?

उत्तर: नाही ताई, तो अजिबात सोडू नका. आषाढी वारीत बघा, सत्तरीचे आजोबा कॉलेजच्या पोराच्या पाया पडतात आणि तो पोरगा पण लगेच वाकतो, दोघं एकमेकांना माऊलीच म्हणतात, आणि दोघंही वाकतात हेच मला फार मोठं वाटतं. पंढरपूरची नामदेव पायरी घ्या, संतांच्या पायांची धूळ लागावी म्हणून नामदेवांनी ती जागा स्वतःहून मागितली अशी श्रद्धा आहे, कोणी ढकललं नव्हतं. तुम्ही मात्र घर शांत राहावं म्हणून घाबरून सॉरी म्हणताय असं वाटतं, तर एकदा मिस्टरांशी हे स्पष्ट बोलाच.